शेवंतीची वाटणी

मोरीखालच्या खेकड्याला मी एकदा शिट्टी वाजवताना ऐकलंय. ही गोष्ट तुम्ही खोटी धरलीत तरी माझी काही हरकत नाही, कातळबावात तिच्यावर कुणाचाच विश्वास नाही. पण आज सांगतोय तिला अख्खा गाव साक्षीदार आहे. आणि गावाबाहेरचा एक माणूस. तो राहतो गावातच, देवळाच्या मागच्या घरात. दाजी धुरी त्याचं नाव. तो गावाबाहेरचा कसा झाला, तेच सांगायचंय.

आमच्या तळकोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गावाचा मानकरी नारळ हातात धरून देवळात उभा राहतो आणि देवाला दटावल्यासारखं मागणं घालतो. तो एकेक वाक्य टाकतो आणि जमलेला गाव एका आवाजात म्हणतो, ‘व्हय म्हाराजा!’ मागणं काय आहे ते कोण ऐकतो? तोंड आपोआप उघडतं. दाजीच्या बापाने एकदा गंमत म्हणून मधेच टाकून दिलं, “ह्या बाबल्याची बायल त्येका सोडून जावंदे!” आणि गाव गरजला, “व्हय म्हाराजा!” बाबल म्हणजे मी. सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता. बायको घरी आल्यावर काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर बापामागून हा मान दाजीकडे आला. दाजीचा आवाज असा, की देवळातल्या घंटा न वाजवता वाजायच्या. हे मी थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच. माणूस वाचणारा होता, भजनाला बसणारा होता. संध्याकाळी त्याच्या पडवीत आम्ही बसलो की त्याचं सुरू व्हायचं, “बाबल, दगडात, फणसात, कोल्ह्यात आणि आपणात एकच आसा. दिसतत वायले, पण मूळ एक. लाटा किती आणि दर्या किती, सांग.”

मग आत हाक द्यायचा, “शेवंते, चाय टाक गो.”

आतून त्याची बायको शेवंती सूर लावून म्हणायची, “व्हय म्हाराऽजा!” गाऱ्हाण्याचाच शब्द, पण तिच्या तोंडून आला की त्यात निम्मी चेष्टा असायची आणि निम्मी माया. आणि वर, “सगळा एकच आसा तर म्हशीक सांगा चाय टाकूक. ती पण मीच मा?”

ती गोष्ट तेव्हा आम्हाला हसण्याची वाटली.

शेवंती सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, करायची. सुरंगीची फुलं तोडायला तेव्हाही माणूस मिळत नव्हता आणि हवामान असं पालटलेलं, की झाड कधी फुलेल ते झाडालाच ठाऊक नसायचं. पण तिला वासावरून कळायचं. पहाटे देवराईत जाऊन ती फुलं आणायची. एका वळेसरात देठ आत, एकात देठ बाहेर, अशी तिची बांधणी. दुसऱ्या कुणाला ती जमत नव्हती.

मग तिच्या पाठीच्या कण्यात ते दुखणं शिरलं. हाडातलं. जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळाने कापलं, जाळलं, आणि शेवटी घरी पाठवलं. दर सोमवारी एक यांत्रिक पाखरू भिरभिरत यायचं आणि अंगणात इंजेक्शनांचा डबा ठेवून जायचं. इंजेक्शन दिलं की ती लाकडासारखी पडायची. उतरलं की ओरडायची. ओरडताना दाजीचं नाव घ्यायची. एरवी आयुष्यात तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, ते तिने त्या दोन महिन्यांत सगळं वापरून टाकलं. “दाजी, माका मारा! दाजी, दगड घाला माज्या डोक्यात!” तिच्या ओरडण्याने पाणंदीतली कुत्री गप्प व्हायची.

अशात डॉक्टर उल्का केतकर गावात आल्या.

बाई पन्नाशीच्या, केस आखूड, पायांत रबरी चपला. त्या आल्या होत्या आमच्या देवराईसाठी. देवराईत कुऱ्हाड लागलेली नाही, फुलांखेरीज काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही असा नेम. तिथल्या झाडांची मुळं एकमेकांत किती विणलेली आहेत ते बाईंना मोजायचं होतं. मोजलं. मग एके दिवशी ओरडणं ऐकून त्या दाजीच्या पडवीत आल्या आणि जे बोलल्या ते मला समजलं तेवढं सांगतो.

जिवंत म्हणून जे जे आहे, त्याच्या आत एक अगदी मंद विजेचा हेलकावा असतो. पानात असतो, बेडकात असतो, तुमच्या-आमच्यात असतो. पूर्वी वाटायचं, प्रत्येकाचा वेगळा असेल, फक्त सारखा दिसत असेल. बाईंच्या प्रयोगशाळेने दाखवलं की तो सारखा नाही, तोच आहे. इथे पानाला चटका दिला तर तिथे, बंद खोलीतल्या बेडकाच्या हेलकाव्यात त्याच क्षणी सुरकुती उमटते. मधे तार नाही, लाट नाही, जायला लागणारा वेळ नाही. एक धोतर दोन ठिकाणी दिसावं, तसं.

“मग बेडकाला चटका का लागत नाही?” मी विचारलं.

“कारण मेंदू कुंपण घालतो,” बाई म्हणाल्या. “मेंदूचा एक भाग जन्मभर एकच काम करतो. हे माझं, हे माझं नाही, असं चाळत बसतो. आपण ज्याला ‘मी’ म्हणतो ना, ती वस्तू नाही, ते काम आहे. ते काम थोडं ढिलं केलं की खालचं सगळं आरपार होतं. झाडांना मेंदू नाही, म्हणून त्यांना कुंपणही नाही. माणसाजवळ राहणाऱ्या जनावरांचं असतं, पण ठेंगणं.”

दाजी त्यांच्याकडे असा बघत होता, जसा काही देव दर्शन द्यायला यावा आणि त्याने कागद दाखवावेत. “म्हणजे आमचे लोक सांगीत होते ताच,” तो म्हणाला.

“तेच. फक्त आता मोजता येतं.”

आतून शेवंती ओरडली. दाजीने डोळे मिटले. मग विचारलं, “हिचा दुखणा आरपार सोडूक येतला?”

बाईंना हेच हवं होतं की त्यांना दया आली, ते मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही असेल. म्हणाल्या, “एका माणसाचं दुखणं चारशे माणसांत आणि एका जुन्या राईत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला मोहरीएवढं येईल. पण प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने हो म्हटलं पाहिजे, अटी ऐकून. त्याशिवाय मी करणार नाही. तसा नियमच आहे.”

“देवासमोर व्हय म्हटला की झाला,” दाजी म्हणाला.

*

बाईंनी प्रत्येकाला काळ्या दोऱ्यात ओवलेला एक मणी दिला. गळ्याशी बांधायचा. घशाचा कंप ओळखून तो ज्याच्या त्याच्या होकाराने जागा व्हायचा आणि मग हळूहळू मेंदूचं ते कुंपण खाली घ्यायला शिकवायचा. होकाराचा शब्द कोणता ठेवायचा, बाईंनी विचारलं. आम्ही सगळे हसलो. दुसरा कोणता असणार?

वार्षिक गाऱ्हाण्याला देऊळ भरलं. पेद्रू पाववाला दरसाल बाहेर टोपी काढून उभा राहतो, तसा उभा होता. शेवंतीला खाटेसकट आणून खांबाशी ठेवलं होतं. दाजीने नारळ उचलला.

“बा देवा म्हाराजा, ह्या कातळबावच्या धन्या! वर्साप्रमाणा आज तुज्या पायांकडे लेकरा जमली आसत—”

“व्हय म्हाराजा!”

“तेंच्या पोराबाळांक, गुराढोरांक, कलमांक सांभाळून घे—”

“व्हय म्हाराजा!”

मग बाईंनी सांगितलेल्या अटी त्याने गाऱ्हाण्याच्या चालीत बसवल्या.

“ह्या शेवंतीच्या हाडातला दुखणा ही लेकरा वाटून घेतत—”

“व्हय म्हाराजा!”

“मनाचा कुंपाण खाली घेतत, एकाचा दुसऱ्याक लागात, दुसऱ्याचा एकाक लागात, ता सोसतत—”

“व्हय म्हाराजा!”

“आणि एकदा खाली घेतलला कुंपाण, आपल्या तोंडान सांगितल्याशिवाय परत उभा रवाचा नाय, ह्या तेंका मान्य आसा—”

“व्हय म्हाराजा!”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला शेजारच्याने विचारलं, “काय म्हणालो तो आता?” मी म्हटलं, “कलमांचा कायतरी.”

नारळ फुटला. दाजीने घाम पुसला. आणि खांबाजवळ शेवंतीने दोन महिन्यांत पहिल्यांदा पाय लांब केले. कुशीवर वळली. म्हणाली, “भूक लागली.”

*

त्या आठवड्यात गावात जे झालं ते सण होता. मला माझ्या डाव्या दाढेत किंचित ठणका यायचा, कातरवेळी. विहिरीवरच्या बायका एकदम कमरेवर हात ठेवायच्या आणि एकमेकींकडे बघून हसायच्या. शेवंतीचं दुखणं! आपल्या वाट्याचं! जणू प्रसाद वाटला होता. देवराईतल्या सातवीणीने अवेळी पानं गाळली. आम्ही तिच्या बुंध्याला नमस्कार केला.

शेवंती अंगणात बसून चहा प्यायली. दाजीला म्हणाली, “तुमचा गाराणा पयल्यांदाच कामाक इला.” दाजी लहान मुलासारखा हसला.

मग हळूहळू बाकीचं आरपार व्हायला लागलं. बांधावरून कोर्टात गेलेले दोघे भाऊ एका सकाळी बांधावर येऊन उभे राहिले आणि आपण कशासाठी भांडत होतो ते दोघांनाही आठवेना. कुत्र्याला दगड मारायला कुणाचा हात उठेना. कोळणीने मासा कापायला घेतला आणि स्वतःचं पोट धरून कोयती खाली ठेवली. गावात कोंबड्या इतक्या झाल्या की रात्री खाटेवर माणसांआधी त्या झोपायच्या. डॉक्टर बाईंना पुण्यामुंबईहून लोक भेटायला यायला लागले. जगाच्या पाठीवर एका गावात दुखणं उरलं नव्हतं!

पण जे आरपार होतं, त्याला ‘दुखणं तेवढं जाऊ दे, बाकीचं राहू दे’ असं सांगता येत नाही. पाटाला पाणी सोडलं की त्याच्याबरोबर माती जातेच.

पहिल्यांदा ते माझ्या ध्यानात आलं पेद्रूमुळे. तो दुकानात बसून सुरंगीची फुलं ओवत होता. एकात देठ आत, एकात देठ बाहेर. मी विचारलं, “पेद्रू, ह्या तुका कोणी शिकवला?” तो बोटांकडे बघत म्हणाला, “खंय शिकलंय? येता.” मग शाळेच्या मास्तरांनी मुलांना हाक मारताना शेवंतीसारखं नाक उडवलं. माझ्या बायकोने कैरीच्या कढीत तिरफळं घातली, ती उभ्या जन्मात घालत नव्हती. आणि मी, बाबल, आरशासमोर उभा राहून पदर सारखा केल्यासारखा खांद्यावरून हात फिरवला. पदर माझ्या खांद्यावर कुठून येणार?

शेवंती गावात वाटली जात होती. दुखण्याबरोबर तीही.

आणि खाटेवर ती कमी होत होती. रंग चांगला, श्वास शांत. पण दाजीने विचारलं, “चाय घेतलंस?” तर ती त्याच्याकडे बघून हसायची आणि म्हणायची, “आसा.” पाऊस येईल का? “आसा.” माका वळाखतंस? “आसा.” सगळ्याला एकच उत्तर, आणि उत्तर चूकही नव्हतं.

एका दुपारी मी गेलो तर दाजी तिच्या उशाशी बसला होता. ती त्याचा हात थोपटत होती. मग दुसऱ्या हाताने, तेवढ्याच मायेने, तिने खाटेचा पाय थोपटला. दाजी ते बघत होता. किती वेळ बघत होता कोण जाणे.

“बाबल,” तो म्हणाला, “हिका फरक कळणा नाय.”

तेवढ्यात गोठ्यातून म्हैस हंबरली. मान वळवून तिने दाजीकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची वाटली आणि दाजीलाही वाटली. तो उठून गोठ्याचं दार लावून आला.

*

तो गावाबाहेरचा आहे, हे कळलं ते एका गांधीलमाशीमुळे.

दिवेलागणीची वेळ. विहिरीवर एका पोरीच्या कोपराला माशी चावली. देवळासमोर आम्ही दहा-बाराजण उभे होतो, सगळ्यांनी एकदम कोपर झटकलं. दाजी मधोमध उभा होता. त्याने झटकलं नाही. आमच्याकडे गोल फिरून बघितलं.

“काय झाला?”

“तुका नाय लागला?” मी विचारलं.

“काय लागाचा?”

त्याने गळ्यातला मणी मुठीत धरला आणि तसाच तडक डॉक्टर बाईंच्या तंबूकडे निघाला. मी मागे.

बाईंनी त्याचा मणी यंत्रावर ठेवला. पुन्हा ठेवला. “हा झोपलेला आहे,” त्या म्हणाल्या. “हा कधी जागाच झाला नव्हता. एक मणी झोपलेला दिसतोय हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, मला वाटलं कुणाच्या तरी घरी जास्तीचा पडला असेल. दाजी, तुम्ही होय म्हणाला नाहीत?”

उत्तर मी दिलं. “गाराणा घालणारो व्हय म्हणत नाय, बाई. तो सांगता. व्हय म्हणतत ते बाकीचे.”

“हे मला कुणी सांगितलं नाही!”

“तुमी इचारलात नाय.” खरंच, कोण सांगणार? पोहणाऱ्याला पाणी ओलं असतं म्हणून कुणी सांगतं का?

दाजी मातीत बसला. त्याच्या घरातलं माणूस चारशेजणांत, राईतल्या झाडांत, रस्त्यावरच्या कुत्र्यांत वाटलं गेलं होतं. पाव करणाऱ्या पेद्रूला तिची बोटं मिळाली, मला तिचा पदर मिळाला. ज्याने ही वाटणी मागितली त्याच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं. दुखण्याची मोहरीसुद्धा नाही.

“आत्ता म्हणा,” बाई घाईने म्हणाल्या. “मी मणी जागा करते. अजून उशीर झालेला नाही.”

“म्हटलंय तर ती माका भेटात?”

बाई प्रामाणिक होत्या. “भेटणार नाही. भेटायला दोन लागतात.”

“मगे?”

“तुम्हाला तिची उणीव वाटणार नाही.”

दाजीने मणी परत गळ्यात बांधला. “उलटा करूक येता?” त्याने विचारलं. “वाटलला परत गोळा?”

बाईंनी होकारार्थी मान हलवली. “ती जिवंत आहे तोवर येईल. सगळ्यांनी आपापल्या तोंडाने तसं म्हटलं पाहिजे. पण दाजी, ती परत येईल ती दुखण्यासकट येईल. सगळं एकदम.”

वाटेत मी त्याला म्हटलं, “दाजी, ती सुखात आसा रे. कित्याक तिका पुन्ना भट्टीत ढकलतंस? आणि तूच मा सांगी होतंस, सगळा एक आसा म्हणान?”

तो थांबला. “सांगी होतंय. ती चाय करून देई, मी पडवीत बसान सांगी होतंय.” मग म्हणाला, “बाबल, माका ती दुखान ओरडणारी व्हयी. ओरडताना ती माजा नाव घेय.”

मी त्याला राक्षस म्हणायला तोंड उघडलं. पण तो रडत होता.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने गाव बोलावला. सगळे आले, कारण आता एकाला बोलावलं की सगळ्यांना ऐकू यायचं. शेवंतीची खाट पुन्हा खांबाशी. तिचे डोळे उघडे, ओठांवर तेच हसू. डॉक्टर बाई यंत्र घेऊन कोपऱ्यात उभ्या.

दाजीने नारळ धरला.

“बा देवा म्हाराजा! कातळबावच्या धन्या! लेकरांच्या हातसून वाकडानाकडा झाला आसात, ता पोटात घाल—”

“व्हय म्हाराजा!”

“जा वाटला, ता परत एक होऊंदे. जी पसारली, ती परत आपल्या कुडीत येवंदे. कुंपणा उभी रवंदेत. दुखणा इला तरी येवंदे—”

देवळात आवाज नाही.

माझ्या आठवणीत, माझ्या बापाच्या, आज्याच्या आठवणीत गाऱ्हाण्यात कुणी होय सोडून काही म्हटलेलं नाही. बायको सोडून जाऊ दे म्हटलं तरी आम्ही होय म्हणालो होतो. माझं तोंड सवयीने उघडलं. जीभ ‘व्ह’साठी वळली. आणि मला आतून कळलं, की हे तोंड आता माझ्या एकट्याचं नाही.

“नको, म्हाराऽजा.”

चारशे तोंडांतून. पहिला शब्द हलका, दुसरा लांबवलेला, निम्मी चेष्टा, निम्मी माया. म्हाताऱ्यांच्या, पोरांच्या, बाहेर टोपी धरून उभ्या पेद्रूच्या तोंडून. तिचाच सूर. खाटेवरच्या शेवंतीचे ओठ मात्र हलले नाहीत.

तुम्ही विचाराल, तिला दुखण्याची भीती वाटली का? मला विचारा, माझ्यात ती होती. भीती नव्हती. तिला फक्त परत एवढंसं व्हायचं नव्हतं. ती आता सातवीण होती, विहीर होती, पोरीचं कोपर होती. दाजीवर तिची माया होती का? होती. खाटेच्या पायावर होती तेवढीच. तसूभर कमी नाही, आणि तसूभर जास्तही नाही.

दाजीच्या हातातला नारळ खाली पडला. फुटला नाही. घरंगळत खाटेखाली गेला.

*

चार दिवसांनी तिचा श्वास थांबला. पिकलं पान गळावं तसा. आम्हाला काही जाणवलंसुद्धा नाही. फक्त देवराईत सुरंगी फुलली, आणि ते योगायोगाने असेल.

तिरडी बांधायला माणसं भरपूर होती. रडायला एकच. आम्ही चांगले कपडे घालून, हात मागे बांधून उभे होतो. कुणाच्या डोळ्यांत टिपूस नाही, कारण आमचं कुणी गेलंच नव्हतं. दाजी तिच्या पायांवर डोकं आपटत होता आणि त्याला काय झालंय ते आम्हाला खरोखर समजत नव्हतं.

पेद्रू पुढे झाला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “तुमी रडतास कित्याक? मी हयसरच आसंय.”

दाजीने वर पाहिलं. दुसऱ्या बाजूने कोळीण म्हणाली, “मी हयसरच आसंय मा.” मग शाळेतली एक पोर. मग मी गेलो. आमची दोस्ती साठ वर्षांची. मी त्याच्या केसांवरून हात फिरवला, जसा आयुष्यात कधी फिरवला नव्हता, आणि म्हटलं, “आयकलात? चाय टाकू?”

त्याने माझ्या थोबाडीत मारली. सगळी ताकद लावून.

अख्खा गाव गालावर हात ठेवून उभा राहिला. चुली विझवून आलेल्या बायका, खांदेकरी, डॉक्टर बाईसुद्धा. बाईंनीही केव्हातरी होय म्हटलं होतं, ते आम्हाला तेव्हा दिसलं. दाजीने आमच्याकडे बघितलं, मग आपल्या तळहाताकडे. त्याचा एकट्याचा गाल चुरचुरत नव्हता.

तिला अग्नी त्याने दिला. एकट्याने. आम्ही होतो, पण तरी एकट्याने.

*

आता ही गोष्ट कातळबावची राहिली नाही. शेजारच्या गावांनी मणी घेतले, मग तालुक्याने. इस्पितळांत रांगा लागल्यात. दूरवरच्या शहरांतून माणसं दुखणी घेऊन येतात आणि हसत जातात. लढाया थांबतील म्हणतात. थांबतीलही. कोण कुणावर बंदूक उगारणार? आणि कोण कुणासाठी दार उघडं ठेवून जागा राहणार, ते मात्र कुणी विचारत नाही. विचारायला जो लागतो, तो हळूहळू उरत नाही. माझ्यात मी अजून थोडा शिल्लक आहे. थापा मारणारा भाग सगळ्यांत शेवटी विरघळतो, असं दिसतं. तो संपायच्या आत हे सांगून टाकावं म्हटलं.

दाजीने होय म्हटलेलं नाही. रोज कुणीतरी त्याच्या पायरीवर जेवण ठेवून येतं, तिरफळं घातलेली कढी. तो ती म्हशीपुढे ठेवतो आणि स्वतः पेज शिजवून खातो.

दिवेलागणीला मात्र तो बाहेर येतो. आंघोळ केलेली, धोतर नेसलेलं. अंगणात मधोमध उभा राहून नारळ हातात धरतो. आवाज आता फाटलाय, पण गावभर ऐकू येतो.

“बा देवा म्हाराजा! शेवंती नावाची एक बाईलमनीस होती—”

थांबतो.

“ती एकच होती. दुसरी नाय—”

थांबतो. आम्ही आपापल्या उंबऱ्यावर उभे असतो.

“ती मेली—”

एवढंच मागणं. धन नको, आयुष्य नको, ती परत नको. फक्त कुणीतरी होय म्हणावं. ती होती आणि ती गेली, याला एका माणसाचा होकार हवा.

मी रोज प्रयत्न करतो. खोटं सांगत नाही. ओठ वळतात, घशात ‘व्हय’ चढतो. आणि आतून ती हसते. “कित्याक ओ? मी आसंय मा.” मग शब्द तिथेच बसतो. पेद्रूचंही तेच होतं, मला माहीत आहे. सगळ्यांचंच.

काळोख पडेपर्यंत दाजी वाट बघतो. मग नारळ न फोडता आत नेतो. त्याच्या पडवीत आता नारळांची रास छपरापर्यंत पोचलीय, आणि खालच्यांना कोंब आलेत.